सिलिकॉन कार्बाइडवालं अ‍ॅल्युमिनियम: पिस्टनचं काम कुठवर आलं

मंडळी, २५ मिमी बोअरच्या चार स्ट्रोक इंजिनाचा पिस्टन आता बाहेरून पूर्ण झाला आहे. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनचं भोक राहिलंय. मधल्या काळात या धातूने बरंच शिकवलं, आणि त्यातली एक गोष्ट तर लेथवर उभं राहून लागलेल्या सवयीच्या थेट उलट निघाली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दांड्याबद्दल. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतून तुकडा मिळाला. सुमारे ९ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असलेलं ओतीव अ‍ॅल्युमिनियम, त्यात २० टक्के सिलिकॉन कार्बाइडचे कण ढवळून मिसळलेले. कण १० ते २० मायक्रॉनचे. हाच माल कशाला, तर प्रसरणासाठी. साधं अ‍ॅल्युमिनियम अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, हा माल १७ च्या आसपास, आणि माझा लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) बिडाचा, तो ११. इंजिन १५० अंशांनी तापलं तर २५ मिमीच्या साध्या पिस्टनची फट ४५ मायक्रॉनने कमी होते, या पिस्टनची २३ ने. थंड असताना फट निम्मी ठेवता येते, म्हणजे कॉम्प्रेशन पहिल्या किकपासून हातात. मोठ्या इंजिनांत हा विचार जुनाच आहे. टोयोटाने १९८३ मध्ये डिझेल पिस्टनच्या रिंग ग्रूव्हपाशी (रिंग बसते त्या खाचेपाशी) सिरॅमिक तंतू घालून अ‍ॅल्युमिनियम मजबूत केलं होतं.

आता कापण्याचं. दांडा हातात घेतला, कानस मारली, तर सरसकट फार कडक वाटत नाही. फसगत इथेच होते. अ‍ॅल्युमिनियम मऊच आहे, पण मऊ भातात खडे असावेत तसे त्यात कण बसलेत. एचएसएसचा, म्हणजे हाय-स्पीड स्टीलच्या टूलचा कडकपणा साधारण ८५० विकर्स (कडकपणाचं माप), टंगस्टन कार्बाइडचा (टिपा याच्या असतात, पुढे नुसतं कार्बाइड म्हणजे हेच) १५०० ते १८००, आणि या कणांचा २५०० च्या घरात. कार्बाइडच्या टिपांना धार लावायला ग्राइंडरवर जे हिरवं व्हील असतं, ते याच सिलिकॉन कार्बाइडचं. म्हणजे इथे टीप जॉबला कापत असते आणि जॉब टिपेला धार लावण्याच्या नावाखाली खात असतो. एचएसएसने तर फेसिंग (दांड्याचं तोंड सपाट करणं) मध्यापर्यंत पोचायच्या आत कापणं सोडलं. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेपही फार काळ तग धरत नाही. लेप गेला की खाली कार्बाइड उघडाच.

कडक माल दिसला की आपण काय करतो? कट कमी, फीड (जॉब धरणाऱ्या चकच्या एका फेऱ्यात टूल किती मिमी सरकतं ते) बारीक, हात हलका. इथे नेमकं तेच टिपेच्या मुळावर येतं. आमच्या एमआयडीसीतले एक टर्नर काका रविवारी मांगरात डोकावले (माझा लेथ घराबाहेरच्या मांगरात आहे). ०.०५ च्या फीडने माझा कट चाललेला बघून म्हणाले, "अरे, घासतोस कशाला? कापू दे की तिला."

ते गेल्यावर हिशोब मांडला. २६ मिमी व्यास आणि ३० मिमी लांबी, एक पास. ०.०५ फीडला चक ६०० फेरे फिरतं आणि टिपेची धार धातूतून ४९ मीटर चालते. ०.२ फीडला फेरे १५० आणि अंतर १२ मीटर. झीज होते ती कणांवरून घासून, आणि घासण्याचं अंतर पावपट झालं की तेवढ्याच लांबीच्या कामात टीप खूपच कमी झिजते. कटाच्या खोलीचा झिजेवर परिणाम त्या मानाने थोडा, कारण खोल कटात धारेची जास्त लांबी कामाला लागते आणि भार वाटला जातो. वेग मात्र वाढवला की साधं कार्बाइड लगेच बसतं. म्हणून कार्बाइडला ६०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ५० मीटरच्या आत, फीड ०.२ आणि खोली एकदम १.२ मिमी. एक दमदार पास. दोन-तीन लाडिक पास नकोतच.

झीज बघायची माझी पद्धत सांगतो, कारण टीप वरून पाहिली तर काही कळत नाही. धारेवर अ‍ॅल्युमिनियमचा थर चिकटून बसतो आणि टीप चांगली आहे असं वाटत राहतं. कमी वेगाला हा थर धारेचं थोडं रक्षणही करतो. टीप कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवायची (हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि खिडक्या उघड्या ठेवून, कारण हायड्रोजन निघतो). बुडबुडे थांबले की अ‍ॅल्युमिनियम विरघळलेलं असतं आणि कार्बाइड जसंच्या तसं. मग युएसबी मायक्रोस्कोपखाली धारेच्या खालच्या अंगाला एक चपटी, चकचकीत पट्टी दिसते, आणि त्या पट्टीवर कापण्याच्या दिशेने अगदी समांतर, बारीक ओरखडे. ते कणांनी काढलेले. पट्टीची रुंदी ०.३ मिमी झाली की टीप बाद धरतात, तोच नियम मी पाळतो. बारीक फीडच्या टिपेवर पट्टी एका पासात डोळ्यांना जाणवण्याइतकी वाढली होती. मोठ्या फीडच्या टिपेवर ती शोधावी लागली.

मायक्रोस्कोप नसेल तर मायक्रोमीटरही सांगतो. एका पासनंतर टेलस्टॉककडचा (चकच्या समोरच्या टोकाचा, जिथून कट सुरू होतो) आणि चककडचा व्यास मोजा. चककडे व्यास वाढलेला असेल, तर लेथचा टेपर गृहीत धरून उरलेला फरक टिपेच्या झिजेचा.

फिनिशिंगला मात्र पीसीडीच, म्हणजे पॉलिक्रिस्टलाइन डायमंड. कार्बाइडच्या टिपेच्या कोपऱ्यावर हिऱ्याचा छोटा तुकडा ब्रेझ केलेला असतो. महाग आहे, पण घेताना एक गोष्ट विचारून घ्या: हिऱ्याचे कण मोठे, २५ मायक्रॉनच्या जातीचे. बारीक कणांची पीसीडी साध्या अ‍ॅल्युमिनियमला आरशासारखा फिनिश देते, पण या मालात मोठ्या कणांची जात जास्त टिकते. २००० आरपीएमला मिनिटाला १६० मीटर मिळाले. पीसीडीला याहून बराच जास्त वेग चालतो, पण माझ्या बेंच लेथची तेवढीच झेप. ०.८ मिमी त्रिज्येच्या नोजला (टिपेच्या गोल कोपऱ्याला) ०.१ फीडवर खाचांची उंची हिशोबाने दीड-दोन मायक्रॉन येते. प्रत्यक्षात पृष्ठभागावर काही कण उपटून निघालेले बारीक खड्डेही दिसतात. पिस्टनच्या अंगावर ते मला चालतात, तेल धरून ठेवतील. हीच टीप पुढे पोलादाला लावायची नाही, तापलेल्या लोखंडात हिऱ्याचा कार्बन विरघळतो.

पीसीडीचा दुसरा शत्रू आमच्याकडे पावसाळ्यात रोज भेटतो. कट चालू असताना लाईट गेली की जॉब टीप पोटात धरून थांबतो आणि हिऱ्याची कड तुटते. त्यामुळे पास चालू असेपर्यंत माझा हात क्रॉस स्लाइडच्या हँडलवरच. दिवा मंद झाला की टूल मागे. वारा सुटला असेल तर पीसीडी डब्यातून काढतच नाही.

आणि बेड जपा, म्हणजे टूल वाहणारं सॅडल ज्यावर सरकतं तो लेथचा पाया. टिपेइतकीच त्याची काळजी आहे. या मालाची करडी भुकटी बोटांत चोळली तर बारीक पॉलिश पेपरसारखी लागते. ती बेडवरच्या तेलात बसली की सॅडल प्रत्येक फेरीला बेड लॅप करतं, म्हणजे घासून झिजवतं. म्हणून कापायच्या आधी बेड तेल पुसून कोरडा, वर ओलं फडकं, आणि फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारून भुकटी ट्रेमध्ये. कूलंट पंपाने फिरवायचं नाही, पंपाचीही तीच गत होईल. तोंडावर एन ९५. आता आषाढात, समुद्र एवढ्या जवळ असताना कोरडा बिडाचा बेड रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस. काम संपलं की जेवायला बसायच्या आधी पुसणं, केरोसीन, पुन्हा पुसणं आणि भरपूर तेल. यात सूट नाही.

खाऱ्या हवेची चाचणी म्हणून एक कापलेला तुकडा पडवीत ठेवलाय. पांढरे ठिपके आलेत, साध्या अ‍ॅल्युमिनियमवर येतात तसे. मला भीती वेगळी होती. ओतताना रस जास्त तापला तर अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन कार्बाइडची प्रक्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड बनतं. त्याला दमट हवा लागली की मिथेन सुटतो आणि माल आतून भुसभुशीत होतो. मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर असलं की ही प्रक्रिया दबते, ९ टक्के त्यासाठीच. तुकड्याच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत, कुठे पापुद्रा नाही. पण हा माल घरी पुन्हा वितळवायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर आपल्या किनाऱ्यावर तरी करू नका.

रिंग ग्रूव्ह १ मिमीची. त्यासाठी ताजं पार्टिंग टूल, एकच ठाम प्लंज (टूल सरळ आत), तळाशी न रेंगाळता लगेच बाहेर. रेंगाळलं की कोपरे गोल होतात आणि ग्रूव्हच्या भिंती तिरक्या.

आता ६ मिमीचं पिनचं भोक. सॉलिड कार्बाइड ड्रिलने ५.८ पाडायचं आणि उरलेलं हिऱ्याचा लेप असलेल्या पिनने, पाण्याखाली. डायमंड पेस्ट वापरणार नाही, सुटे कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतील आणि पुढे पिनच खातील. एवढ्या भोकात शिरेल असा पीसीडी बोअरिंग बार कोणाकडे असेल तर शँक किती मिमीची आणि बाहेर किती लोंबकळतो ते कळवा. तोवर ड्रिलला हात लावत नाही.