काजवे, हॉट पिक्सेल आणि ११८ ओळींचा घोळ

काजव्यांच्या व्हिडिओतले हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचे कायम उजळ राहणारे डाग, काजवे न पुसता काढायचे होते. शनिवारी रात्री पावणेदोनला त्यातली तिसरी क्लिप सुटली. तीन आठवडे तिच्यामागे होतो. डागांचा नकाशा बरोबर, स्क्रिप्ट बरोबर, तरी ठिपके जागच्या जागी. चूक शेवटी सापडली ती फ्रेमच्या हेडरमध्ये.

मागचं थोडक्यात सांगतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याला काजव्यांच्या तीन क्लिप घेतल्या. कॅननचा ईओएस एम कॅमेरा, २२ एमएमची एफ/२ लेन्स, मॅजिक लँटर्नचं (कॅननच्या कॅमेऱ्यात वरून चढवायचं सॉफ्टवेअर, त्याने रॉ व्हिडिओ घेता येतो) एफपीएस ओव्हरराइड, म्हणजे फ्रेमचा वेग बदलणारी सोय, लावून सेकंदाला १० फ्रेम, १४ बिट. १७३६ × ९७६ ची एक फ्रेम साधारण ३ एमबी भरते, म्हणजे सेकंदाला ३० एमबी. ईओएस एमला ४० च्या आसपास धाप लागते, त्यामुळे कॉम्प्रेशन न लावताही रेकॉर्डिंग थांबत नाही. कार्ड मात्र पारखून घ्या. वेष्टनावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, तो बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो. आपल्याला लिहिण्याचा हवा. मी आता कार्ड घेतलं की आधी मॅजिक लँटर्नच्या बेंचमार्कवर चालवतो, मगच बॅगेत टाकतो.

अडचण तीच जुनी. एमएलव्ही ॲपमध्ये (या रॉ क्लिप उघडणारा प्रोग्रॅम) बॅड पिक्सेलची दुरुस्ती ऑटोवर टाकली की हॉट पिक्सेल जातात आणि त्यांच्याबरोबर काजवेही जातात. लांबचा काजवा म्हणजे अंधारात एकटाच उजळलेला एक पिक्सेल, आणि हॉट पिक्सेलचं वर्णनही नेमकं तेच. त्यात या मोडमध्ये ईओएस एम दर तीन ओळींतली एकच वाचतो, त्यामुळे काजव्याचा उजेड शेजारच्या ओळींत पसरला असेल तर तोही हाती लागत नाही. ऑटो बंद ठेवून पुढे एडिटिंगमध्ये ठिपके पुसावेत म्हटलं, तर डीमोझेक झाल्यावर (प्रत्येक पिक्सेलला शेजाऱ्यांवरून पूर्ण रंग दिल्यावर) एका ठिपक्याची रंगीत फुली झालेली असते. दुरुस्ती व्हायची तर बेयरवरच, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा किंवा निळा एकच रंग असलेल्या मूळ रॉ चित्रावरच व्हायला हवी.

म्हणून प्रत्येक पिक्सेलची हजेरी घ्यायची ठरवली. हॉट पिक्सेल सगळ्या क्लिपभर हजर असतो. काजवा येतो, लुकलुकतो, उडून जातो. प्रत्येक फ्रेममध्ये पिक्सेलची तुलना त्याच रंगाच्या चार शेजाऱ्यांशी करायची (बेयरमध्ये ते एकेक घर सोडून असतात), ठरावीक फरकापेक्षा वर असला तर त्याच्या नावावर एक हजेरी. फोकस पिक्सेल (सेन्सरवरचे ऑटोफोकससाठीचे पिक्सेल) एफपीएमने, म्हणजे त्यांच्या जागांच्या तयार नकाशाने, आधीच काढलेले. १८०० फ्रेम संपल्यावर ज्याची हजेरी ९० टक्क्यांच्या वर, तो बाद.

पायथनच्या साध्या लूपमध्ये एका फ्रेमला चार सेकंद लागत होते, म्हणजे तीन मिनिटांच्या क्लिपला दोन तास. आता तेच काम दीड मिनिटात होतं. दोन गोष्टींनी हा फरक पडला. पहिली, १४ बिटचं अनपॅकिंग, म्हणजे दाटीने भरलेले पिक्सेल सुटे करणं. ८ पिक्सेल १४ बाइटमध्ये बसतात, म्हणजे १६ बिटचे ७ शब्द. पूर्ण फ्रेम सात रकान्यांत मांडली की आठ शिफ्टमध्ये सगळे पिक्सेल सुटे होतात, लूप लागतच नाही. दुसरी, मीडियन, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ती शेजाऱ्यांची मधली किंमत. नमपाय या पायथन लायब्ररीचं मीडियन फंक्शन या कामाला फारच संथ आहे. चारच शेजारी आहेत, तर बेरजेतून सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान वजा करा, उरलेल्याचं निम्मं करा, झाला मीडियन. आणि १४ बिटच्या चार पिक्सेलची बेरीज जास्तीत जास्त ६५५३२ होते! १६ बिटची मर्यादा ६५५३५. तीन आकड्यांनी मावतंय! हे वहीत मांडलं तेव्हा खुर्चीवरून उठून एक फेरी मारून आलो. फक्त फरक काढताना सरळ वजाबाकी करू नका, अनसाइन्डमध्ये (ज्यात उणे आकडे नसतात) उणे आकडा थेट साठ हजारांच्या घरात जातो. मीडियनमध्ये मर्यादा मिळवा आणि पिक्सेल त्याहून मोठा आहे का तेवढं बघा.

पण हजेरी एकाच क्लिपवर सोडून चालत नाही. पहिल्या क्लिपमध्ये जलाशयापलीकडच्या गावातला एक दिवा होता. कॅमेरा ट्रायपॉडवर, दिवा जागेवर, त्याची हजेरी पूर्ण शंभर टक्के. म्हणून तिन्ही क्लिपचे नकाशे काढून सामाईक पिक्सेल तेवढेच घ्यायचे. फ्रेमिंग बदललं की दिवा सरकतो, सेन्सरवरचा डाग सरकत नाही. पहिल्या दोन क्लिपमध्ये सामाईक निघाले २१४. तिसरी मिळवली तर उरले ३.

इथेच तीन आठवडे गेले. मर्यादा बदलून पाहिली, आयएसओ वेगळा होता का ते तपासलं, सेन्सर थंड झाला असेल असंही वाटलं. दर सहा-आठ अंशांना डार्क करंट (अंधारातही सेन्सरमध्ये साचणारा सिग्नल) दुप्पट होतो, पण तो कमी झाला तर ठिपके मंद होतील, गायब होणार नाहीत. दोन क्लिपचा नकाशा तिसरीवर जबरदस्तीने लावला तेव्हा चित्र आणखी बिघडलं. ठिपके तसेच राहिले, आणि सादड्याच्या झाडाच्या खालच्या फांदीवर बसलेला एक काजवा पाच वेळा लुकलुकतो, त्यातला तिसरा लुकलुकाट कापला गेला.

शनिवारी दोन क्लिपच्या नकाशाची प्रिंट काढून तिसरीच्या प्रिंटवर ठेवली आणि खिडकीच्या काचेला लावली. ठिपक्यांची नक्षी तीच होती, फक्त वर सरकलेली. तिसऱ्या क्लिपला कार्डात जागा कमी उरली म्हणून मी २.३५:१ घेतलं होतं, म्हणजे १७३६ × ७३८. उंची कमी झाली की मॅजिक लँटर्न मधला पट्टा उचलतो. फ्रेमच्या हेडरमध्ये, म्हणजे व्हीआयडीएफ ब्लॉकमध्ये, क्रॉपपॉसवाय नावाचा आकडा असतो (पट्टा कोणत्या ओळीपासून उचलला ते), तो या क्लिपमध्ये ११८ ने जास्त. मी फ्रेमच्या कोपऱ्यापासून मोजत होतो, मोजायला हवं होतं पूर्ण रॉ बफरच्या (सेन्सरवरून आलेल्या न कापलेल्या चित्राच्या) कोपऱ्यापासून. एफपीएम फाइलच्या नावात क्लिपचं नाही, बफरचं माप असतं. इतकी वर्षं ती नावं डोळ्यांसमोर आहेत. आकडा मिळवला, नकाशा पुन्हा काढला, तिन्हींत सामाईक १९७. क्रॉपपॉसवाय कायम सम असतो, त्यामुळे लाल पिक्सेलच्या जागी हिरवा येण्याची भीती नाही. तिसरा लुकलुकाट परत आला.

दुसऱ्या क्लिपमध्ये कोणाच्या तरी गाडीचे हेडलाइट चार सेकंद झाडीवर पडलेत. हजेरीला त्याने फरक पडला नाही, कारण शेजारी पिक्सेलही तेवढेच उजळले. काजव्यांना मात्र पडला. पुढे जवळजवळ अर्धा मिनिट ती फांदी काळीच आहे. तिथे जाणाऱ्यांनी कृपा करून गाडी लांब ठेवा, दिवे बंद करा आणि टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. मादी-नराचा सगळा संवाद त्या उजेडावर चालतो.

उरलेला त्रास मधल्या गटाचा. १९ पिक्सेलची हजेरी २० ते ६० टक्क्यांत आहे. काही पिक्सेल मधूनच पेटतात आणि विझतात, आणि एका जागी बसून लुकलुकणारा काजवाही याच गटात येतो. त्यांना हाताने एकेक तपासायचं ठरवलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय, त्याऐवजी हजेरी क्लिपच्या दोन अर्ध्यांत वेगवेगळी घ्यावी. काजवा दुसऱ्या अर्ध्यात त्याच पिक्सेलवर बसून राहण्याची शक्यता फार कमी, आणि सेन्सर तापत गेल्यावर उशिरा जागे होणारे डागही यातच सापडतील. नाहीतरी सगळ्या फ्रेम वाचतोच आहोत, तर प्रत्येक पिक्सेलची कमाल किंमतही जाता जाता साठवता येईल, म्हणजे दुरुस्ती लावल्यावर सगळ्या काजव्यांचा एकत्र फोटो फुकटात मिळेल. हे आधी सुचायला हवं होतं. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत बसवतो.

आज जेवणं झाली की लेन्सकॅप लावून त्याच सेटिंगवर तीन मिनिटांची क्लिप घेतो. त्या १९ पैकी जे टोपीखालीही पेटतील, ते काजवे नव्हेत.