तुम्ही विचारलंत म्हणून: धडक देणारी विनाशिकाच का बुडाली?

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्यांशी झालेल्या लढाईचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. ‘एचएमएस हार्वेस्टर’ या ब्रिटिश विनाशिकेने जर्मन पाणबुडीला धडक दिली, मग काही तासांत ती स्वतःच कशी बुडाली? दुसऱ्या पाणबुडीचे टॉर्पेडो लागले म्हणून. पण हे उत्तर अर्धंच आहे. टॉर्पेडो लागण्याआधीच ती जागच्या जागी थांबली होती, आणि ते त्या धडकेमुळे.

ही विनाशिका मुळात ब्राझीलच्या नौदलासाठी बांधायला घेतलेली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनने ती विकत घेतली आणि मागची एक तोफ कमी करून त्या जागी डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे स्फोटकांचे पिंप, वाढवले: एकूण ११०, ते फेकणारे आठ थ्रोअर, मागून सोडणारे तीन रॅक. म्हणजे पाणबुड्यांमागे लागण्यासाठीच तिला सजवलं होतं. ऑक्टोबर १९४० मध्ये ‘हायलँडर’ या विनाशिकेबरोबर तिने यू-३२ ही जर्मन पाणबुडी बुडवली. दोनच दिवसांपूर्वी याच पाणबुडीने ‘एम्प्रेस ऑफ ब्रिटन’ हे प्रचंड प्रवासी जहाज बुडवलं होतं.

मार्च १९४३ मध्ये ती न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला निघालेल्या एचएक्स २२८ या मालवाहू जहाजांच्या ताफ्याबरोबर होती. संरक्षक गटाचे प्रमुख कमांडर टेट तिच्यावरच होते. गटात पोलिश विनाशिका आणि फ्रेंच कॉर्व्हेट, म्हणजे लहान संरक्षक युद्धनौका, याही होत्या. १०-११ मार्चच्या रात्री डेप्थ चार्जच्या माऱ्याने यू-४४४ ही पाणबुडी पाण्याच्या वर आली आणि हार्वेस्टरने तिच्यावर नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, घातली.

तोफा असताना धडक कशाला? पाणबुडी अगदी जवळ आली की तोफेची नळी तेवढी खाली झुकत नाही. पाणबुडी वळतेही कमी जागेत, त्यामुळे अंधारात पुन्हा निसटण्याची भीती. ती वर आहे तोवर नाळ घाला, हा त्या वेळी सर्वांत खात्रीचा उपाय वाटे.

फक्त त्याची किंमत जहाजाच्या खालच्या अंगाला मोजावी लागते. पाण्यावर तरंगणाऱ्या पाणबुडीचाही बहुतेक भाग पाण्याखालीच असतो, आणि तिचं दाब सोसणारं कवच विनाशिकेच्या पातळ पत्र्याहून कितीतरी जाड. नाळ कवचावर चढते, पाणबुडी कलंडत तळाखालून मागे घासत जाते, आणि मागे बाहेर काढलेले असतात जहाज पुढे ढकलणारे दोन पंखे, त्यांना फिरवणारे दांडे म्हणजे शाफ्ट, त्यांना धरणारे आधार. हार्वेस्टरच्या बाबतीत तर यू-४४४ पंख्यांपाशी अडकूनच बसली. एक शाफ्ट तेव्हाच गेला. सुटलेल्या पाणबुडीला नंतर फ्रेंच कॉर्व्हेट ‘अकोनित’ने धडक देऊन बुडवलं.

हार्वेस्टर उरलेल्या एका शाफ्टवर रखडत निघाली. ताफा कुणासाठी थांबत नाही, तो पुढे गेला होता. ‘विल्यम सी. गॉर्गस’ या बुडालेल्या जहाजाचे ५१ जण तिने उचलून घेतले होते. आणि ११ तारखेच्या सकाळी दुसरा शाफ्टही तडकला. ३४,००० अश्वशक्तीची यंत्रं शाबूत असून काय उपयोग, शक्ती पाण्यापर्यंत पोहोचवायला काही उरलंच नव्हतं. विनाशिकेचं चिलखत म्हणजे तिचा वेग. थांबलेली विनाशिका हे फक्त लांबलचक लक्ष्य असतं. मदतीला बोलावलेली अकोनित पोहोचण्याआधीच यू-४३२ ने दोन टॉर्पेडो मारले. कमांडर टेट गेले, बहुतेक खलाशी गेले, आणि एकदा वाचलेल्या त्या ५१ पैकी ३९ जण दुसऱ्यांदा पाण्यात पडून गेले.

टेट यांची चूक झाली, असं आम्ही म्हणणार नाही. त्याच वर्गातल्या ‘हेस्परस’ने जानेवारी १९४२ मध्ये यू-९३ ला आणि त्याच डिसेंबरात यू-३५७ ला अशीच धडक दिली होती. तीही दुरुस्तीला गोदीत गेली, पण तिथवर पोहोचली. फरक होता तो पाणबुडी तळाच्या कोणत्या भागाला घासली एवढाच, आणि ते कप्तानाच्या हातात नसतं.

अकोनितने लगेच अ‍ॅस्डिकवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्रावर, यू-४३२ हेरली, डेप्थ चार्जनी वर आणली, तोफा डागल्या आणि तिलाही धडक दिली. चोवीस तासांच्या आत दुसरी धडक, तरी ती चालत राहिली! कॉर्व्हेटची बांधणी मालवाहू जहाजासारखी दणकट, वेग जेमतेम १६ नॉट, आणि पंखा एकच. तोही मधोमध, कण्याच्या मागे आडोशाला.