मायची मूठ आणि हॉटेलचा काटा

हॉटेलात शिकाऊ म्हणून लागणार असाल तर एप्रन बांधायच्या आधी करार मागा. मी मागितला नाही, आणि माझे दोन महिने पाण्यात गेले.

मी अमळनेर तालुक्यातला. घरी कपाशी आणि खायपुरती ज्वारी. मामा लग्नाचा आचारी, त्यामुळे शाळेच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या मांडवामागे गेल्या. उकडलेल्या बट्ट्या कापायच्या, तळताना झारा धरायचा, वांगी चिरून पाण्यात टाकायची. आयटीआयला ‘फूड प्रोडक्शन (जनरल)’ नावाचा एक वर्षाचा ट्रेड असतो आणि तो दहावीवर मिळतो, हेही मामानंच शोधून काढलं. अप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कपाशी वेचायला माणूस मिळत नाही आणि पोरगा कांदे चिरायचं सर्टिफिकेट आणायला निघाला, असं त्यांचं म्हणणं.

२०२२ मध्ये आयटीआय झालं आणि जळगावच्या एका हॉटेलात शिकाऊ उमेदवार म्हणून गेलो. शिकाऊ उमेदवारांच्या सरकारी पोर्टलवर माझी नोंदणी मी करून ठेवली होती: आधार, बँक खातं, आयटीआयचं प्रमाणपत्र. मॅनेजर म्हणाले, “उद्यापासून ये, कागदाचं होईल.” मला वाटलं, झालंच. पण हॉटेलनं करार टाकून तो मंजूर होईपर्यंत कागदोपत्री तुम्ही कोणीच नसता. दोन महिन्यांनी आयटीआयच्या अप्रेंटिस विभागात गेलो. तिथल्या सरांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “तू तर इथं नाहीसच.” त्यांनी फोन केल्यावर चार दिवसांत करार झाला, पण वर्ष मोजलं गेलं ते त्या तारखेपासून. आयटीआय झालेल्याला तेव्हाच्या नियमानं महिन्याला किमान ७००० रुपये विद्यावेतन होतं, त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार उचलायचं. आधीच्या दोन महिन्यांचे हॉटेलनं एकूण ३००० हातावर टेकवले. वर “जेवत होतास ना इथंच?” भांडायला गेलो असतो, पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. आणि माझ्याकडे तर त्या दोन महिन्यांचा तेवढाही कागद नव्हता.

किचनमधले पहिले तीन महिने कांदा, लसूण, बटाटा. आमचे शेफ गढवालचे, आवाज कमी पण नजर वाईट. मांडवात मी वीस किलो कांदा कुणाच्याही आधी चिरायचो, म्हणून पहिल्या दिवशी जरा रुबाबातच सुरी चालवली. त्यांनी एक मूठ कांदा उचलून ट्रेमध्ये पसरला. “ये देखो, तीन साइज. छोटा जलेगा, बड़ा कच्चा रहेगा.” मग डाव्या हाताची बोटं आत वळवून पंजा कसा करायचा ते दाखवलं. तो पंजा जमायला मला सव्वा महिना आणि अंगठ्याचं अर्धं नख लागलं. पाच मदर सॉस (बाकीचे सॉस ज्यांच्यापासून बनतात ते), समान वजनाचं लोणी आणि मैदा घेऊन केलेला रू, चिरायच्या लाल बोर्डवर कच्चं मटण आणि हिरव्यावर भाजी, हे आयटीआयच्या वहीत होतंच. हातात आलं ते इथं. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि तंदूर त्याच खोलीत. घामानं टोपी निथळते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तिथं सगळ्यांचंच तसं होतं.

डोक्यात पक्की बसलेली गोष्ट म्हणजे थर्मामीटर. ५ ते ६० अंशांच्या मध्ये शिजलेलं अन्न जास्त वेळ ठेवायचं नाही, त्या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. सुट्टीत हे मामाला सांगितलं. सकाळी दहाला झालेलं वरण दुपारी तीनच्या पंगतीला वाढणाऱ्या माणसाला. मामा म्हणाला, “माझं वरण चुलीवरून उतरतच नाही, तुझं मीटर घाल त्याच्यात.” घातलं. ८४ अंश. मी गप्प बसलो.

डिसेंबरमध्ये हॉटेलनं खान्देशी बुफे काढायचं ठरवलं. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, गॅसवर नाही, एवढं मी शेफना पटवलं. मागच्या अंगणात काड्या पेटवल्यावर शेजारच्या बिल्डिंगमधून धुराची तक्रार आली ते वेगळं. शेवभाजीच्या कृतीचं कार्ड मात्र मलाच बनवायला सांगितलं: दहा पोर्शन, सगळं ग्रॅममध्ये.

कार्ड म्हणजे माय. तिच्याकडे ग्रॅम नाही, मूठ आहे. किराणा दुकानातून लहान डिजिटल काटा मागून आणला आणि चुलीजवळ मांडून बसलो. माय हसायलाच लागली. “मोजीसन कोनी रांधस का रे, भाऊ?” पण सुकं खोबरं मुठीत घेऊन काट्यावरच्या वाटीत टाकलं तिनं. ४२ ग्रॅम. परत काढायला लावलं: ४१. तिसऱ्यांदा ४२. मीठ तळहातावर घेतलं, तेही एका ग्रॅमच्या फरकानं तेच. कांदा मात्र तिनं काळा पडेपर्यंत भाजला, त्याला ग्रॅम नव्हते, वेळही नव्हती. कार्डावर मी “१४ मिनिटे” लिहिलं. शेफनी ते खोडून “रंग बघा” लिहिलं.

दहाचं कार्ड झकास जमलं. मग दीडशे पोर्शनसाठी मी सगळ्याला सरळ पंधरानं गुणलं आणि भाजी अशी झाली की तंदूरवाला रडत हसला. मोठ्या भांड्यात पाणी त्या प्रमाणात आटत नाही, तेल वेगळं तापतं, म्हणून तिखट-मीठ आधी पाऊण टाकून मग चाखत वाढवायचं. रात्री मामाला फोन केला तर तो म्हणाला, “तिखटाला पाढे लागत नाहीत, हे तुला मांडवातच सांगितलं होतं.” सांगितलं होतं खरं. तेव्हा मला वाटलं होतं की तो कंजुषी करतोय.

बुफेच्या दिवशी वेगळाच घोटाळा. जाड तुरखाटी शेव रश्श्यात घालून भांडं गरम ठेवलं आणि अर्ध्या तासात शेवेची पिठलं-वजा लापशी. घरी शेव ताटात पडायच्या क्षणी घालतात, पण ते कार्डावर लिहायचं मला सुचलं नव्हतं, कारण ते मला कृतीचा भाग वाटतच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून रस्सा वेगळा, शेव वेगळी, आणि वाढायला मी उभा. तर्री वरून हवी की तळातून, हे लोक मलाच विचारायचे.

वर्षाच्या शेवटी परीक्षा झाली. लेखी बरी गेली. प्रॅक्टिकलला व्हाइट सॉस आला, त्यात एक गुठळी राहिली, ती मी परीक्षकांनी बघायच्या आत खाऊन टाकली. प्रमाणपत्र हातात यायला बरेच महिने गेले. तोवर नाशिकला ‘कॉमी’ (commis, शेफच्या हाताखालचा स्वयंपाकी) म्हणून लागलो होतो, तिथं त्यांनी ते मागितलंही नाही. पंजा बघितला आणि कांद्याची गोणी दाखवली.

किराणावाल्याचा काटा अजून आमच्या घरी आहे. त्याला मी दुसरा घेऊन दिला. माय त्यावर उडदाचे पापड तोलून विकते, आणि पाव किलोत एक पापड जास्तच टाकते.