परदेशातील खासगी वैद्यकीय महाविद्यालय: परवडण्याचा हिशेब कुठपर्यंत मांडावा

परदेशातील खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची माहितीपत्रके घेऊन ओळखीतले पालक आणि त्यांची मुले अधूनमधून माझ्याकडे येतात. या पत्रकांतील पहिला तक्ता जवळजवळ नेहमीच शुल्काचा असतो, आणि त्यातला ठळक आकडा पहिल्या वर्षाचा असतो. दोन-चार महाविद्यालयांचे हे आकडे शेजारी ठेवून सर्वांत लहान असेल तो निवडायचा, या पद्धतीने निर्णय झालेलेही मी पाहिले आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की वैद्यकीय शिक्षणाचा खर्च पदवी हातात पडते त्या दिवशी थांबत नाही. जिथे व्यवसाय करायचा आहे तिथला परवाना मिळेपर्यंत तो चालू राहतो, आणि म्हणून महाविद्यालय परवडणारे आहे की नाही, हे त्या परवान्यापासून उलट मागे येत ठरवावे लागते.

उलट मागे यायचे म्हणजे पहिला प्रश्न कोणता देश स्वस्त, हा राहत नाही. मी रुग्ण कुठे तपासणार आहे, हा प्रश्न आधी येतो. उत्तर भारत असेल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अधिसूचित केलेले परदेशी वैद्यकीय पदवीधरांविषयीचे विनियम मुळातून वाचणे आवश्यक आहे. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा, त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप झालेली असावी, शिकवण्याचे माध्यम इंग्रजी असावे, सगळे शिक्षण प्रवेशापासून १० वर्षांच्या आत पूर्ण व्हावे, आणि ती पदवी त्या देशातही, तेथील नागरिकांच्या बरोबरीने, व्यवसायाचा परवाना मिळण्यास पात्र ठरवणारी असावी, अशा त्या अटी आहेत. परतल्यावर भारतात आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. ‘नीट’ उत्तीर्ण असणे ही अट तर परदेशी जाणाऱ्यांनाही २०१८ पासून लागू आहे.

या अटी वाचताना कंटाळा येतो, हे मान्य. पण अनेक आकर्षक वाटणारी महाविद्यालये नेमकी इथेच गळतात. काही देशांत आधी विज्ञानाची पदवी आणि मग चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम अशी रचना आहे. चार वर्षे म्हणजे ४८ महिने, आणि आधीच्या विज्ञानशिक्षणाचे महिने ५४ मध्ये धरले जातील असे गृहीत धरून चालत नाही. काही खासगी संस्थांत पहिली दोन वर्षे एका देशात आणि रुग्णालयातील प्रशिक्षण दुसऱ्याच देशात होते. अमेरिकेत व्यवसाय करू इच्छिणाऱ्याला ही रचना कदाचित सोयीची ठरेल, पण सगळे शिक्षण एकाच संस्थेत मागणाऱ्या नियमापुढे ती टिकत नाही. परवान्याची अट तर बहुतेक जण वगळूनच टाकतात. आपल्याला तिथे राहायचेच नाही, मग तिथल्या परवान्याचे काय करायचे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. प्रश्न राहण्याचा नसतो. जो देश आपल्याच महाविद्यालयातून शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याला स्वतःच्या रुग्णांवर उपचार करू देत नाही, त्याची पदवी दुसऱ्या देशाने का मानावी, असा त्या नियमामागचा विचार आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

इतर देशांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. युरोपीय संघाच्या कायद्यात मूलभूत वैद्यकीय शिक्षण किमान पाच वर्षांचे आणि ५,५०० तासांचे असावे लागते. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणारी जनरल मेडिकल कौन्सिल पदवी कोणत्या संस्थेची आहे हे स्वतंत्रपणे तपासते. अमेरिकेत जाण्यासाठी परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणपत्र लागते, आणि त्या संस्थेचा अनुभव नियम कसे सरकतात याचा चांगला नमुना आहे. अर्जदाराचे महाविद्यालय मान्यताप्राप्त यंत्रणेने मूल्यांकन केलेले असलेच पाहिजे, अशी अट २०२३ पासून लागू होईल असे तिने २०१० साली जाहीर केले. नंतर तारीख एक वर्षाने पुढे गेली, आणि शेवटी पात्रतेची अट म्हणून ती न लावता अर्जदाराच्या नोंदीत महाविद्यालयाची मूल्यांकनस्थिती दाखवण्याचे ठरले. सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात शिरणाऱ्याने नियम मध्येच बदलणार हे धरूनच चालावे, आणि आज जेमतेम अटीत बसणाऱ्या महाविद्यालयापेक्षा अटींच्या बरेच पुढे असलेले महाविद्यालय निवडावे.

आता मान्यतेबद्दल. ‘जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता’ हा शब्दप्रयोग माहितीपत्रकात दिसला की मी ते पत्रक अधिक संशयाने वाचू लागतो, कारण ही संघटना वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता देतच नाही. वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स नावाची जी सूची आज वापरली जाते, ती आधीच्या दोन सूच्या एकत्र करून २०१४ मध्ये तयार झाली, आणि सूचीत नाव असणे म्हणजे मान्यता किंवा गुणवत्तेची हमी नव्हे, असे ती स्वतःच सांगते. नाव तिथे नसेल तर विषय संपला. असेल तर चौकशीला फक्त सुरुवात झाली. तसेच वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशन ही संस्था महाविद्यालयांना मान्यता देत नाही, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणांना देते. त्यामुळे त्या देशातील यंत्रणा मान्यताप्राप्त आहे का, आणि त्या यंत्रणेने या विशिष्ट महाविद्यालयाला कोणत्या तारखेपर्यंत मूल्यांकन दिले आहे, असे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. दुसऱ्याचे उत्तर त्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर शोधावे. महाविद्यालयाच्या भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्राच्या छायाचित्रावर विसंबू नये.

संस्था खासगी असेल तर आणखी एक चौकशी येते: पदवी कोण देणार? बांगलादेशात खासगी वैद्यकीय महाविद्यालये सरकारी विद्यापीठांशी संलग्न असतात, परीक्षा विद्यापीठ घेते आणि पदवीही त्याच्याच नावाने मिळते. जॉर्जियात मात्र खासगी विद्यापीठे स्वतःची पदवी देतात. पहिल्या रचनेत महाविद्यालयाबाहेरच्या परीक्षकाचा काहीएक अंकुश राहतो. दुसऱ्या रचनेत संस्थेची स्वतःची पत हेच सर्वस्व असते, आणि तिचा इतिहास अधिक बारकाईने पाहावा लागतो. अगदी नव्या महाविद्यालयांना अनेक ठिकाणी पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत तात्पुरतीच मान्यता असते. अशा ठिकाणी शुल्क कमी असते, ते उगीच नव्हे. मान्यतेची जोखीम संस्थेइतकीच विद्यार्थ्यालाही उचलावी लागते. ज्याच्याकडे दुसऱ्यांदा सुरुवात करण्याइतके पैसे आणि वर्षे नाहीत, त्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत कमी विचारला जाणारा आणि सर्वांत महत्त्वाचा विषय म्हणजे रुग्णालय. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह यांची छायाचित्रे सगळेच दाखवतात. तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी कोणत्या वॉर्डात उभा राहणार, हे कुणी दाखवत नाही. रुग्णालय महाविद्यालयाच्या मालकीचे आहे की करारावर घेतलेले, करार किती वर्षांचा आहे, किती महाविद्यालयांचे विद्यार्थी तिथे एकाच वेळी येतात, खाटा किती आहेत आणि त्यांतल्या भरलेल्या किती असतात, हे विचारावे. खाटांचा आकडा एकटा फसवा असतो. अत्याधुनिक खासगी रुग्णालयात पैसे मोजून आलेला रुग्ण वीस विद्यार्थ्यांना स्वतःचे पोट तपासू देत नाही, आणि देऊही नये. तिथे विद्यार्थी भिंतीला टेकून पाहत राहतो. जुनाट इमारतीतील गर्दीचे सार्वजनिक रुग्णालय माहितीपत्रकात शोभून दिसत नाही, परंतु शिकायला पुष्कळदा तेच बरे असते.

रुग्णालयाशी जोडलेला प्रश्न भाषेचा आहे. वर्गात इंग्रजी माध्यम असले तरी रुग्ण स्वतःच्या भाषेतच दुखणे सांगतो. ब्रिटनमध्ये १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० नव्या रुग्णांपैकी ६६ जणांच्या बाबतीत, संदर्भपत्र वाचून आणि आजाराची हकिकत ऐकून केलेले निदान पुढे अंतिम निदानाशी जुळले होते. त्यानंतर तपासण्यांची साधने कितीतरी वाढली, तरी हकिकत घेण्याला पर्याय आलेला नाही. जो विद्यार्थी सहा वर्षांत रुग्णाशी एक सलग संभाषण करू शकला नाही, दर वेळी शिक्षकाने भाषांतर करून दिलेल्या दोन वाक्यांवर ज्याचे शिक्षण झाले, त्याची पदवी नियमात बसली तरी हात रिकामेच राहतात. म्हणून स्थानिक भाषेचा अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी सुरू होतो का, तो किती तासांचा आहे, आणि त्यात उत्तीर्ण झाल्याशिवाय वॉर्डात सोडत नाहीत का, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळाले तर विद्यार्थ्याने कुरकुर न करता समाधान मानावे.

पैशांकडे आता येतो. पहिल्या वर्षाच्या शुल्काला सहाने गुणून येणारा आकडा खरा नसतो. समजा, शुल्क दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढते आणि ज्या चलनात ते भरायचे आहे ते आपल्या चलनाच्या तुलनेत दर वर्षी चार टक्क्यांनी महागते. दोन्ही वाढी एकत्र धरल्या तर सहाव्या वर्षीचे शुल्क पहिल्या वर्षीपेक्षा सुमारे ५५ टक्क्यांनी अधिक होते आणि सहा वर्षांची बेरीज त्या साध्या गुणाकारापेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी वाढते. ही केवळ कल्पित टक्केवारी आहे, पण कर्ज मंजूर करून घेताना असा हिशेब समोर नसेल तर पाचव्या वर्षी कुटुंबाची ओढाताण होते. शुल्क संपूर्ण अभ्यासक्रमासाठी गोठवलेले आहे का, हे करारात लिहून घ्यावे. त्याखेरीज व्हिसा किंवा निवासपरवान्याचे दरवर्षीचे नूतनीकरण, विमा, फेरपरीक्षेचे शुल्क, सुट्टीत वसतिगृह बंद राहत असेल तर बाहेर राहण्याचा खर्च, प्रवास आणि कागदपत्रांचे साक्षांकन, हे सगळे त्यात धरावे.

मात्र सर्वांत मोठा खर्च कोणत्याच तक्त्यात नसतो, आणि तो म्हणजे पदवीनंतर परवाना परीक्षेच्या तयारीत जाणारा काळ. भारतात परदेशी पदवीधरांसाठीची एफएमजीई ही परवाना परीक्षा ३०० गुणांची असते, उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण लागतात, ती वर्षातून दोनदा होते, आणि अलीकडच्या बहुतेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण एक तृतीयांशापेक्षा कमी राहिले आहे. दोन-तीन प्रयत्न गेले की शिकवणीचा, राहण्याचा आणि न मिळालेल्या उत्पन्नाचा खर्च मिळून शुल्कातील बचत सहज गिळून टाकतो. या परीक्षेचे संस्थानिहाय निकाल अधिकृतपणे प्रसिद्ध झालेले आहेत. ते पाहावेत, पण परीक्षेला बसलेल्यांची संख्या पाच-दहाच असेल तर टक्केवारीला फारसा अर्थ नसतो. महाविद्यालय स्वतः जाहीर करते त्या निकालाबाबत तर छेदात कोण आहे हे आधी विचारावे. अंतर्गत चाळणी परीक्षेत गळलेल्यांना अंतिम परीक्षेला बसूच न देता ९५ टक्के निकाल दाखवणे अवघड नसते. प्रवेश घेतलेल्या एका तुकडीतील किती जण वेळेत बाहेर पडले, एवढा एकच आकडा मागावा. तो देण्याची टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजावे.

एजंटांविषयी फार लिहीत नाही. बऱ्याच एजंटांना महाविद्यालयाकडून दर प्रवेशामागे दलाली मिळते, ही माहिती डोक्यात ठेवून त्यांचे ऐकावे. त्यांनी गाठ घालून दिलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा शेवटच्या वर्षात शिकणारे आणि नुकतेच परतलेले विद्यार्थी स्वतः शोधून काढावेत. महाविद्यालय चांगले आहे का, असे त्यांना विचारून उपयोग नाही, कारण आपल्या निर्णयाचे समर्थन सगळेच करतात. गेल्या आठवड्यात किती रुग्ण स्वतः तपासले, किती प्रसूती प्रत्यक्ष पाहिल्या, वरिष्ठ डॉक्टर फेरीला येतात तेव्हा प्रश्न कोणत्या भाषेत विचारतात, असे विचारावे.

मध्येच महाविद्यालय बदलता येईल, या भरवशावर कुणी जाऊ नये. २०२० नंतर चीनमध्ये शिकणारे विद्यार्थी दीर्घकाळ परत जाऊ शकले नाहीत आणि २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारोंना शिक्षण अर्धवट टाकून निघावे लागले, तेव्हा अन्यत्र सामावून घेण्याचे मार्ग किती अरुंद आहेत हे सर्वांनी पाहिले. म्हणूनच शुल्क शक्यतो एका वेळी एकाच सत्राचे, एजंटाच्या नव्हे तर थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावे, आणि व्हिसा नाकारला गेला, मान्यता रद्द झाली किंवा देशात राहणेच अशक्य झाले तर किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे कलम प्रवेशपत्रावर सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या अधिकृत पत्रावर लिहून घ्यावे.