वॉकीटॉकी आले, बॅटरी अडली

प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करायच्या शटडाऊनसाठी वॉकीटॉकी घ्यायचे ठरले तेव्हा जो तो सांगत होता, लायसन्सच्या भानगडीत अडकाल. तसं काही झालं नाही. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा पट्टा 2018 पासून लायसन्समुक्त आहे. अर्ध्या वॉटपर्यंतचा, ईटीए (उपकरणाची सरकारी मान्यता) असलेला सेट त्यावर चालतो. आमचा लोट्याचा केमिकल प्लांट आटोपशीर. हॉट वर्क परमिट (ठिणगी पडू शकेल अशा कामाची परवानगी) काढून डेमो घेतला, कंट्रोल रूमपासून टँक फार्मपर्यंत आवाज पोचला, विषय संपला. मोठी साइट असेल, सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर बसवायचा असेल, तर मात्र परवान्याला पर्याय नाही.

आम्ही अडकलो ते बॅटरीत.

आमच्याकडे हायड्रोजनेशन आहे, म्हणजे हायड्रोजन, म्हणजे गॅस ग्रुप टू-सी, सगळ्यात सहज पेटणाऱ्या वायूंचा गट. हायड्रोजन-हवेचं मिश्रण पेटायला साधारण 0.02 मिलीज्यूल ऊर्जा पुरते, त्यामुळे टू-बीचा, म्हणजे त्याच्या खालच्या गटासाठीचा, सेट गेटच्या आत येत नाही. सगळं स्पेसिफिकेशन मी लिहून दिलं होतं, बॅटरीच्या पार्ट नंबरसकट. पर्चेसने पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) ते कापून ‘बॅटरी – 1 नग प्रति सेट’ एवढंच ठेवलं. माल आला, सेफ्टीच्या साहेबांनी एक सेट उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवून बॅटरीचं लेबल डोळ्यांजवळ नेलं आणि सेट ज्वलनशील वायूत सुरक्षित असल्याच्या सर्टिफिकेटची दोन पानं उलटून म्हणाले, “ही बॅटरी यात कुठाय?” नव्हतीच. सर्टिफिकेटमध्ये साधी बॅटरी, खोक्यात जास्त क्षमतेची. स्टोअरने लगेच ‘होल्ड’चा लाल टॅग लावला.

डीलरला फोन केला. “साहेब, सेट तोच आहे. उलट तुम्हाला बॅकअप जास्त मिळतोय, त्याच भावात!” या माणसाला मी किती वेळा समजावलं असेल! इंट्रिन्सिकली सेफ सेटमध्ये ठिणगी पडली तरी गॅस पेटेल इतकी ऊर्जा तिच्यात येऊ द्यायची नसते, आणि ऊर्जा येते बॅटरीतूनच. म्हणून सर्टिफिकेट नुसत्या सेटचं नसतं, सेट आणि बॅटरीच्या जोडीचं असतं. त्याचं पालुपद एकच: “उद्या कंपनीचं लेटर मागवतो.” लेटर आलं, त्यात लिहिलेलं ‘बॅटरी उत्तम दर्जाची आहे’. सेफ्टीच्या साहेबांनी ते वाचून माझ्याकडे नुसतं पाहिलं. इकडे पर्चेस मलाच विचारतंय, “बॅटरी बसते ना? मग प्रॉब्लेम काय?” शटडाऊनची तारीख तोंडावर, आणि सेट स्टोअरच्या रॅकवर.

शेवटी मी अकाउंट्सला सांगून बिल अडवलं. बरोबर पार्ट नंबरच्या बॅटऱ्या मग लगेच सापडल्या. हे आधीच करायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण डीलर पर्चेसच्या फार मर्जीतला.

ऑनलाइन स्वस्तातले सेट दिसतात, त्यांची फ्रिक्वेन्सी आणि ईटीए बघितल्याशिवाय हात लावू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये त्यासाठीच नियमावली काढली.

बॅटरी बदलायची ती कंट्रोल रूममध्येच, चार्जरही तिथेच. प्लांटमध्ये बॅटरी उघडताना कोणी दिसला तर सरळ सेट काढून घ्या.

व्हेसलच्या (बंद लोखंडी टाकीच्या) आत रेंजवर भरवसा ठेवू नका. लोखंडी शेल सिग्नल खातं. मॅनहोलवर माणूस हवाच, सेट त्याच्या हातात.

आणि बटण दाबून क्षणभर थांबून बोला, बोलून झाल्यावर सोडा. आमच्या एका ऑपरेटरने घाईत बटण सोडलं, तर “व्हॉल्व्ह उघडू नको”मधलं ‘नको’ गेलं. खालच्याने परत विचारलं म्हणून निभावलं. आता आधी “थांब” म्हणायचं, मग काय ते, आणि ऐकणाऱ्याने ते जसंच्या तसं परत बोलून दाखवायचं.

कॉम्प्रेसर हाउसमध्ये कानावर मफ असताना सेट ऐकूच येत नाही, त्यामुळे हेडसेट मागवलेत. तेही सर्टिफिकेटच्या यादीतलेच लागतात. या वेळी पीओ निघेपर्यंत मी पर्चेसच्या खुर्चीशेजारी उभा होतो. डीलरचा कालच फोन आला, “साहेब, याच्यापेक्षा भारी मॉडेल आहे, पाठवू का?”