चुन्याखालचं चित्र आणि छपरातले देवदूत

"मामा, चर्च बघायला एवढ्या लांब कशाला? जुनी चर्चं इप्सविचमध्येच डझनभर आहेत," भाचा म्हणाला. होतं खरं. पण मला शहरातली नको होती, शेताच्या कडेला एकटी उभी असलेली हवी होती. शेवटी त्याने आपली घडीची सायकल माझ्या हवाली केली आणि सकाळच्या लोस्टॉफ्टच्या गाडीत बसवून दिलं. तासाभरात हेल्सवर्थ. इंग्लंडमधल्या सफक परगण्याचा हा पूर्वेकडचा कोपरा, समुद्राला लागून.

पाच किलोमीटरवर वेनहास्टन. इथली चर्चं दिवसा बहुधा उघडीच असतात. लोखंडी कडी फिरवायची, जड दार खांद्याने लोटायचं, की आत आपण आणि मेणाचा, ओल्या दगडाचा, जुन्या पुस्तकांचा मिळून झालेला एक वास. दाराशी मुरंब्याच्या बाटल्या आणि शेजारी पैशांचा डबा. पहारा कोणाचाच नाही. मी एक बाटली घेतली आणि (दडपण आल्यामुळे) पाटीवरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे टाकले.

ज्यासाठी आलो होतो ते भिंतीवर होतं. लाकडी फळ्यांवर रंगवलेला अंतिम न्याय, सुमारे १७ फूट रुंद, पाचशे वर्षांपूर्वीचा. मायकेल देवदूत तराजूत आत्मे तोलतोय, एका टोकाला संत पीटर आलेल्यांचं स्वागत करतोय, दुसऱ्या टोकाला नरकाचा जबडा, एखाद्या थोराड माशासारखा. माणसं सगळी उघडीबागडी. राजा ओळखायचा तो डोक्यावरच्या मुकुटावरून, बिशप त्याच्या टोपीवरून. आमच्या आजीच्या चित्रगुप्तालाही हे हिशेब पटले असते. मधोमध मात्र माणसांच्या आकाराच्या कोऱ्या जागा आहेत. तिथे क्रूस आणि त्याच्या दोन बाजूंना येशूची आई मेरी व शिष्य योहान यांच्या मूर्ती होत्या. त्या काढल्या आणि त्यांच्या सावल्या तेवढ्या उरल्या.

सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च पोपपासून तुटलं, त्या धर्मसुधारणेच्या काळात या चित्रावर चुना फासला गेला आणि त्यावर राजसत्तेच्या आज्ञेत राहा अशा अर्थाची बायबलची वचनं लिहिली गेली. खाली काय आहे हे गाव विसरून गेलं. १८९२ मध्ये दुरुस्ती निघाली तेव्हा या फळ्या निरुपयोगी म्हणून बाहेर कबरींमध्ये टाकल्या. रात्री पाऊस पडला. सकाळी चुना वाहून गेलेला, आणि फळ्यांवरून माणसं बघतायत! त्या रात्री पाऊस झाला नसता तर फळ्या जळणातच गेल्या असत्या.

एक सांगायला हवं. अशा चर्चला 'मध्ययुगीन अँग्लिकन' (म्हणजे इंग्लंडच्या स्वतःच्या पंथाचं) चर्च म्हणणं तसं उलटंसुलटं आहे. ही बांधली गेली तेव्हा पोपच्या अधिकाराखाली होती. १५३४ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने रोमशी नातं तोडलं आणि पुढच्या एका पिढीत त्याच भिंती, त्याच घंटा, तेच गावकरी अँग्लिकन झाले. मधे एकदा हेन्रीची मुलगी राणी मेरी हिने सगळं परत पोपकडे फिरवलं तेही सोसलं.

पुढे ब्लिथबरो. नदीच्या खाजणावर, चिखल आणि बोरूच्या बेटांवर, एवढं अवाढव्य चर्च की लांबून वाटतं मागे मोठं शहर असणार. जवळ जावं तर छोटंसं खेडं आणि बाजूने धावणारा हमरस्ता. पंधराव्या शतकात इथे बंदर होतं, व्यापाराचा पैसा होता. मरताना लोक चर्चला देणगी ठेवत, कारण त्या बदल्यात आत्म्यासाठी प्रार्थना होत आणि स्वर्गाआधीचे भोग लवकर संपत, अशी श्रद्धा. चांगला दगड या भागात नाहीच, म्हणून भिंती शेतातल्या गारगोट्यांच्या. पुढे नदी गाळाने भरली, जहाजं यायची बंद झाली आणि पैसाही आटला.

ओवरीला जाळीचं दार आणि वर पाटी: पक्षी आत शिरतात, दार लावून घ्या. आत पाऊल टाकलं आणि मी नुसता उभा राहिलो. उजेड! रंगीत काचा जवळजवळ उरलेल्याच नाहीत. साध्या काचांतून आकाश थेट पांढऱ्या भिंतींवर आणि विटांच्या जमिनीवर उतरतं. वर लाकडी छतावर फिकट लाल-हिरवी नक्षी, आणि मधल्या तुळईवर पाठीला पाठ लावून, पंख पसरलेले देवदूत.

१६४४ मध्ये प्युरिटनांचा, म्हणजे चर्चमध्ये मूर्ती-चित्रं नकोत म्हणणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांचा, माणूस विल्यम डाउझिंग इथे आला. ती फोडायचं त्याचं कामच होतं आणि तो चोख रोजनिशी ठेवायचा. इथले वीस देवदूत उतरवायचा हुकूम त्याने देऊन ठेवला. त्यातले बरेचसे आजही वर आहेत. एवढी उंच शिडी कोण लावणार, असाच विचार गावाने केला असावा. देवदूतांच्या अंगात शिशाचे छर्रे सापडले तेव्हा लोकांनी त्याचं खापर प्युरिटन शिपायांवर फोडलं. पण ते छर्रे अठराव्या शतकातले निघाले. छतात घुसलेले जॅकडॉ, म्हणजे छोटे कावळे, मारायला गावानेच गोळ्या झाडल्या होत्या. जाळीच्या दाराचं कोडं मला तिथे सुटलं.

फुलं रचत असलेल्या एक आजी जवळ आल्या. "उत्तरेचं दार बघितलंत का? कुत्र्याचं?" ४ ऑगस्ट १५७७ च्या रविवारी, प्रार्थना चालू असताना वादळ आलं, मनोऱ्याचं टोक छतातून खाली कोसळलं, माणसं मेली. गावाच्या मते तो ब्लॅक शक नावाचा काळा भुताटकी कुत्रा होता आणि दारावरचे जळके ओरखडे त्याच्या नखांचे. आजींनी ते ओरखडे शेजारच्या पाळीव प्राण्याची तक्रार केल्यासारखे दाखवले. मग बाकांच्या टोकांवरची कोरीव सात पापं. आळस पलंगावर उठून बसलाय, खादाडपणा पोट धरून. "आळशी माझा आवडता," आजी म्हणाल्या. माझाही.

एकोणिसाव्या शतकात हे चर्च इतकं मोडकळलं की १८८१ मध्ये बिशपने धोकादायक म्हणून बंदच केलं. दुरुस्तीला हात घालताना कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस याची जुन्या इमारती जपणारी संस्था आडवी आली: नवं करू नका, आहे ते टिकवा. वाद झाला, पैसा कमी पडला, त्यामुळे छताला ताजा रंग चढला नाही. मी तरी त्या भांडणाचा ऋणी आहे.

वॉल्बर्सविकला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. इथल्या चर्चच्या मनोऱ्याचा १४२६ चा करारनामा शिल्लक आहे. गवंड्यांना बजावलंय की दार आणि खिडक्या हेल्सवर्थच्या चर्चच्या तोडीच्या हव्यात. पुढे या गावाचेही दिवस फिरले. १६९५ मध्ये परवानगी काढून त्यांनी आपलं प्रचंड चर्च स्वतःच उतरवलं, छताचं शिसं, लाकूड आणि एक सोडून बाकी घंटा विकल्या, आणि त्या पैशांत दक्षिणेच्या बाजूला लहानसं चर्च बेतलं. बिनछपराच्या कमानींच्या कुशीत ते अजून चालू आहे.

साउथवोल्डला नेणारी वल्ह्याची होडी तोवर बंद झाली होती. वरच्या पुलावरून जायचं म्हणजे दीडेक किलोमीटर सायकल ढकलणं आलं. भाच्याचा निरोप आला: "मामा, झाली का चर्चं?" मी लिहिलं, "कोव्हहाइथ राहिलं. मोडक्या चर्चच्या पोटात गवती छपराचं छोटं चर्च आहे, १६७२ चं. कडा ढासळत समुद्र जवळ येतोय. शनिवारी गाडी काढ."