बांगड्या, फ्रिज आणि माइक

रेडिओवर शाल-श्रीफळ दिसत नाही. सन्मानचिन्ह दिसत नाही, मागचा फ्लेक्सही दिसत नाही. त्यामुळे ८ मार्चचा, महिला दिनाचा सत्कार समारंभ उचलून तसाच हवेत सोडला, तर हाती लागतात ती फक्त विशेषणं. गगनभरारी, रणरागिणी, शून्यातून विश्व. ऐकणारी मात्र तासगावकडं द्राक्षाच्या मांडवाखाली मान वर करून घड उतरवत असते. भरारीचं तिला काय कौतुक? हात रिकामे नसतात, कान रिकामे असतात. त्या कानात काहीतरी कामाचं पडावं, एवढीच तिची अपेक्षा.

रेडिओसाठी एखाद्या कर्तबगार बाईंची मुलाखत घ्यायची, तर काम सुरू होतं ते आवाजापासून, आणि आवाजाची पहिली भांडणं बांगड्यांशी. हौसेनं माइक बाईंच्याच हातात दिला की हिरवा चुडा माइकपासून बोटभर अंतरावर येतो आणि प्रत्येक वाक्याला किणकिण साथ करतो. 'जरा बांगड्या काढता का?' हे विचारायचं नसतं. का ते सातारा-सांगलीत वेगळं सांगायला नको. माइक आपणच धरायचा, तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका, म्हणजे 'प', 'फ', 'भ' यांचा फुंकर थेट आत शिरत नाही. कॉलरला लावायचा छोटा माइक सोयीचा वाटतो, पण साडीला कॉलर कुठली? पदराला लावला तर मंगळसूत्राचे मणी घासतात, नायलॉनची साडी चुरचुरते. त्यात सासरे दारात आले की बाई पदर डोक्यावर घेतात, माइक कापडाच्या घडीत जातो आणि पुढची पाच मिनिटं गोधडीतून बोलल्यासारखी ऐकू येतात.

मग फ्रिज. त्याची घरघर माणसाच्या कानाला सवयीनं जाणवत नाही, रेकॉर्डर ती टिपतो. तो बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली त्याच्यातच ठेवायची. किल्लीशिवाय निघता येत नाही, त्यामुळे फ्रिज सुरू करायचं विसरता येत नाही. पंख्याचंही तेच, फक्त उन्हाळ्यात तो बंद केल्यावर मुलाखत वीस मिनिटांच्या पुढं जात नाही. उठण्याआधी कुणीही न बोलता त्या खोलीची अर्धा मिनिट शांतता वेगळी रेकॉर्ड करून ठेवावी. संपादनात वाक्य कापलं की तिथं भोक पडतं, ते ह्याच शांततेनं बुजवायचं. दुसऱ्या घरची शांतता चालत नाही, लगेच कळते.

आवाजाची पातळी बघायला 'हॅलो, वन टू थ्री' कशाला? 'आज कालवण कशाचं?' असं विचारावं. उत्तर मोकळं येतं. पातळी मात्र त्या उत्तरावर ठरवायची नाही. दहा मिनिटांनी ह्याच बाई खळखळून हसणार असतात. रेकॉर्डरच्या मोजपट्टीवर शून्याला आवाज फाटतो; बोलण्यातला सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला, तर हसणं फाटत नाही.

काही बायकांचा आवाज रेडिओवर चिरका लागतो, ही तक्रार जुनीच. त्यात दोष गळ्याचा कमी, लहरींचा जास्त. आकाशवाणीचं सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर, म्हणजे मध्यम लहरींवर. आपल्याकडे तिथं दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर, त्यामुळे साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो. 'स'चा जीव बराचसा त्याच्या वर, आणि बायकांच्या बोलण्यात आणखी वर. तो कापला की 'सासू'ची 'फाफू' व्हायला लागते. एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंत जागा मिळते. तिथं तेच बोलणं स्वच्छ.

माण तालुक्यात म्हसवडचं 'माणदेशी तरंग' २००८ पासून ९०.४ एफएमवर आहे. असल्या सामुदायिक केंद्राची ताकद १०० वॅट, मनोरा जास्तीत जास्त ३० मीटर, आवाज जातो दहा-पंधरा किलोमीटर. ही मर्यादाच कामाला येते. बोलणारी आणि ऐकणारी एकाच बाजाराला जातात. तिथं कुणाला 'शून्यातून विश्व' म्हटलं की पलीकडच्या आळीत हसू फुटतं, कारण सासऱ्याची विहीर-बागायत सगळ्यांना ठाऊक असते.

म्हणून विशेषणाऐवजी आकडा मागावा. 'घर सांभाळून हे कसं जमतं?' हा प्रश्न तर बंदच करावा. पुरुषाला तो कुणी विचारत नाही, आणि बाईंनी नवऱ्याचे आभार मानण्यापलीकडं त्यातून काही निघत नाही. 'पहिल्या खेपेला किती बुडाले?' असं विचारलं की त्या सावरून बसतात. शेजारी बसलेले मालक मधेच उत्तर देऊ लागले, तर त्यांना महत्त्वाचं काम द्यावं: 'बाहेर ट्रॅक्टर आला तर जरा थांबवाल का?' ते आनंदानं जातात.

आकडा आपोआप चित्र काढतो. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ३००० मीटर स्टीपलचेस ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत धावली. तेव्हाचा तो राष्ट्रीय विक्रम. दहा मिनिटांच्या भागात ती पस्तीस अडथळे ओलांडून येते आणि वर चाळीस सेकंद उरतात. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, ती अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० पैकी १४९ मिळवून. हे एवढं सांगून निवेदकानं गप्प बसावं. 'अभिमानास्पद' म्हणायचं काम ऐकणाऱ्यावर सोडावं.

संपादनात एक मोह आवरायचा. 'व्हय'चं 'होय' आणि 'न्हाय'चं 'नाही' करायला बाईंना पुन्हा बोलायला लावायचं नाही. दुसऱ्यांदा बोललेलं वाक्य पाठ केल्यासारखं येतं. अर्ध्या तासाच्या भागाला दीड तास रेकॉर्डिंग लागतं, ते अशा फेरबोलण्यासाठी नव्हे. बाईंचं माइकचं भान सुटायला पहिला पाऊण तास जातो म्हणून.

आणि 'झालं बरं का' म्हटल्यावर रेकॉर्डर लगेच बंद करू नये, फक्त तो चालू आहे हे सांगावं. हाताला काम लागलं की खरं बोलणं निघतं, म्हणजे चहा ठेवताना. तेवढ्यासाठी फ्रिज उघडावा लागू नये म्हणून दूध सुरुवातीलाच बाहेर काढायला सांगावं.